पॉप-अप हेडलाइट उघडत नसतील, तर मोटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

बटण दाबलं, उजवा दिवा टुणकन वर आला आणि डावा झाकणाखाली तसाच पडून राहिला. पॉप-अप हेडलाइटच्या, म्हणजे एरवी झाकणाखाली लपणाऱ्या आणि बटण दाबल्यावर वर येणाऱ्या दिव्यांच्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. या जातीतल्या सगळ्यात तरुण गाड्यासुद्धा आता वीस वर्षांपलीकडे गेल्या आहेत. शेव्हरोलेची कॉर्व्हेट सी5 आणि लोटसची एस्प्रिट या दोन्ही 2004 मध्ये बंद झाल्या आणि मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यांतून असे दिवे बाहेर पडणं थांबलं. म्हणजे आज जो दिवा अडतो, तो म्हातारा झालेला आहे.

असा दिवा अडला की बहुतेक जण पहिलं काय करतात? मोटर मागवतात. जुन्या गाडीची मोटर शोधायची, परदेशातून मागवायची, चढा भाव द्यायचा, आठवडाभर वाट बघायची, बसवायची आणि मग कळतं की दिवा अजून तसाच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मोटर बिघडत नाही असं नाही. पण तीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या गाडीत मोटर मरण्याआधी तिच्यापर्यंतचा करंट मरतो. म्हणून दिवा नेमका कसा अडला आहे, हे आधी शांतपणे बघायचं. दिवा ज्या पद्धतीने अडतो, त्यातच अर्धं निदान असतं.

उदाहरणाला एकच गाडी धरू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, म्हणजे 1989 ते 1997 दरम्यान बनलेली दोन सीटची उघडी गाडी. अमेरिकेत ती मियाता म्हणून ओळखली जाते, जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. भारतात ती क्वचितच नजरेला पडते, पण अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा आखातात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी हौशी माणसाच्या गॅरेजात ती सहज असू शकते. यंत्रणा साधी, सुटी करायला सोपी आणि जपानी पॉप-अप दिव्यांचा नमुना म्हणून अगदी चपखल. ती कळली की त्या काळातल्या टोयोटा किंवा निस्सानच्या दिव्यांपुढेही माणूस बावरत नाही.

हे दिवे लपवले तरी का?

दिसायला छान दिसतात हे आहेच. दिवे लपवणारी पहिली नावाजलेली मोटार म्हणजे अमेरिकेतली कॉर्ड 810. गॉर्डन ब्युरिग यांनी आखलेली ही गाडी 1935 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे दिवे पुढच्या मडगार्डमध्ये दडलेले होते आणि ते बाहेर काढायला डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना हाताने फिरवायचे दांडे होते. डावा दिवा डाव्या दांड्याने, उजवा उजव्याने. ना मोटर, ना रिले (मोठा करंट सोडणारा, विजेवर चालणारा स्विच), ना फ्यूज. बिघडायला फारसं काही नव्हतंच.

पुढे खरी गरज कायद्यामुळे निर्माण झाली. अमेरिकेत हेडलाइटचा मध्य जमिनीपासून किमान 22 इंच वर असावा लागतो आणि 1983 पर्यंत तिथे ठरावीक आकाराचे, पूर्ण बंदिस्त काचेचे दिवेच चालत. जमिनीला टेकल्यासारखं बुटकं, निमुळतं नाक असलेल्या गाडीत 7 इंची गोल दिवा बसवायचा कुठे? उत्तर सोपं होतं: रात्री वर काढायचा, दिवसा आत ठेवायचा. 1983 नंतर हव्या त्या आकाराचे दिवे बनवायची मोकळीक मिळाली आणि ही गरज ओसरत गेली. पुढे युरोपात पादचाऱ्याला धडक बसली तर इजा कमी व्हावी म्हणून गाडीच्या पुढच्या भागाचे नियम कडक झाले, आणि टोकदार कडांचे वर येणारे दिवे डिझायनरला डोईजड वाटू लागले.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र आणखी एक अमेरिकी नियम महत्त्वाचा आहे. तो 1969 पासून लागू झाला. लपणारे दिवे बटण दाबल्यापासून तीन सेकंदांच्या आत पूर्ण उघडले पाहिजेत. उघडलेले असताना वीज गेली तरी उघडेच राहिले पाहिजेत. आणि वीजपुरवठ्यात बिघाड झाला तर कोणतंही हत्यार न वापरता ते उघडता आले पाहिजेत. या तीन अटी लक्षात ठेवा. मोटरमधला गिअर तसा का आहे आणि बोनेटखाली मोटरच्या डोक्यावर रबरी टोपी कशासाठी आहे, हे सगळं या अटींतून उलगडतं.

आत काय चालतं

सगळ्यात आधी एक घोळ दूर करू. दिवा वर आणणारं सर्किट वेगळं आणि दिवा पेटवणारं सर्किट वेगळं. दोघांचे फ्यूज वेगळे. एमएक्स-5 मध्ये इंजिनशेजारच्या फ्यूजच्या डब्यात दिवे वर आणणाऱ्या मोटरसाठी 30 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज आहे. त्यामुळे झाकण बंद आहे आणि आत दिवा मात्र पेटलेला आहे, असंही होऊ शकतं. अंधारात गाडीसमोर उभं राहिलात तर झाकणाच्या फटीतून उजेडाची रेघ दिसेल. ती दिसली की समजा, दिवे पेटवण्याची बाजू शाबूत आहे आणि शोध निम्म्यावर आला.

प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर आहे. मोटरच्या दांड्यावर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, आणि त्याला अडकलेलं दातेरी चाक. वर्म गिअरची खासियत अशी की मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाकाला उलटा जोर लावून मोटर फिरवता येत नाही. दिवा वर असताना वीज गेली तरी तो का कोसळत नाही, याचं उत्तर इथे आहे. आणि वर आलेला दिवा तळहाताने दाबून खाली बसवायचा प्रयत्न का करू नये, याचंही. तो दबणार नाही, काहीतरी मोडेल.

दातेरी चाकाच्या बाहेर आलेल्या टोकावर एक छोटा क्रँक, म्हणजे गोल फिरणारा आडवा हात, आणि त्याला दिव्याच्या चौकटीशी जोडणारी दांडी. गंमत अशी की मोटर वर जातानाही आणि खाली येतानाही एकाच दिशेने फिरते. पायाने चालवायच्या शिवणयंत्रात चाक एकाच बाजूला गरगरतं आणि दांडी मात्र वर-खाली होत राहते, तसंच. क्रँकने अर्धा फेरा घेतला की दिवा वर, पुढचा अर्धा घेतला की खाली.

मग अर्ध्या फेऱ्यावर थांबायचं कसं, हे मोटरला कसं कळतं? मोटरच्या डब्यात गिअरबरोबर फिरणारी एक चकती असते, तिच्यावर तांब्याचे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर टेकलेली स्प्रिंगसारखी पातळ पानं. पट्टा जिथे तुटलेला आहे तिथे पान आलं की करंट बंद, मोटर थांबली. वरच्या जागेसाठी एक तुटक जागा, खालच्या जागेसाठी दुसरी. कोणत्या वाटेने करंट सोडायचा हे रिले ठरवतो आणि रिलेला हुकूम देतं हेडलाइटचं बटण, किंवा डॅशबोर्डच्या मधोमध असलेलं दिवे न पेटवता फक्त वर आणायचं वेगळं बटण. काच पुसायला किंवा बर्फ पडणार असेल तेव्हा दिवे आधीच वर काढून ठेवायला हे दुसरं बटण आहे. आपल्याला ते निदानासाठी उपयोगी पडणार आहे.

बोट मध्ये घालण्याआधी

इथे जरा थांबा. ही मोटर छोटी दिसते, पण वर्म गिअरमुळे तिचा जोर भलताच असतो. झाकण आणि बंपरच्या फटीत बोट सापडलं तर ती दयामाया करणार नाही. त्यात वर सांगितलेल्या चकतीची एक खोड आहे: मोटरला वीज चालू असताना तुम्ही हाताने गिअर थोडा जरी सरकवलात, तर चकतीवरचं पान पट्ट्यावर येतं आणि मोटर उरलेला फेरा पूर्ण करायला अचानक सुटते. बटणाला कोणी हात लावलेला नसताना! म्हणून हात घालायचा तर आधी मोटरचा फ्यूज काढून खिशात टाका. डब्याच्या झाकणावर ठेवू नका, खिशातच. मदतीला आलेला मित्र "अरे, हा इथे पडलाय" म्हणून तो परत बसवतो, हे नेहमीचं आहे.

दोन्ही दिवे मेले असतील तर

दोन मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. दोन्ही दिवे ढिम्म असतील तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: बॅटरी, फ्यूज, रिले, बटण किंवा यांच्यामधली वायर. मोटरकडे बघायचंही कारण नाही.

फ्यूज बाहेर काढून नुसता उजेडात धरू नका. अखंड दिसणाऱ्या फ्यूजच्या पायाशी केसाएवढी चीर असू शकते आणि ती डोळ्याला दिसत नाही, विजेचा मीटर लावा. फ्यूज खरोखर उडालेला निघाला तर खुश व्हायची घाई नको. 30 अँपिअरचा फ्यूज म्हातारपणाने सहसा जात नाही. काहीतरी अडलं, मोटर अडकून जोर लावत राहिली, करंट वाढला आणि तो गेला. नवा टाका, एकदा चालवून बघा, आणि पुन्हा उडाला तर कोणता दिवा अडखळतो ते शोधा. एका मोटरचा कनेक्टर (वायरींचा जोड) काढून दुसरी चालवली की गुन्हेगार लगेच सापडतो. तिसऱ्यांदा वैतागून 40 चा फ्यूज ठोकणारे महाभाग असतात. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो जाड केला की त्याच्या जागी वायर जळते, आणि ती सीटखाली नाही तर इंजिनच्या बाजूने जाते.

फ्यूज ठीक असेल तर दोन्ही बटणं आलटून पालटून बघा. हेडलाइटच्या बटणाने दिवे येत नाहीत पण मधल्या बटणाने येतात, किंवा याच्या उलट झालं, तर फ्यूज, मोटर, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून करंट परत जायची वाट) सगळं निर्दोष सुटलं. दोष त्या एका बटणात किंवा त्याच्या वायरीत. इतकं स्वस्त निदान दुसरं नाही, आणि तरी ते करायचं लोक विसरतात. बटणाच्या आतले तांब्याचे बिंदू काळे पडलेले असतात; ते खोलून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसले की बऱ्याचदा काम भागतं.

दोन्ही बटणांनी काहीच होत नसेल तर बोनेट उघडा, एकाला बटण दाबायला बसवा आणि रिलेजवळ कान न्या. टक् असा आवाज आला तर बटणाचा हुकूम रिलेपर्यंत पोहोचतो आहे. आवाज आला म्हणजे रिले पास झाला असं मात्र नाही. आतलं लोहचुंबक ओढतं तेव्हा टक् होतं. पण ज्या टोकांवरून मोटरचा मोठा करंट जायचा ती टोकं जळालेली असू शकतात. त्याच जातीचा दुसरा रिले असेल तर तो लावून बघा.

एकच दिवा अडला असेल तर

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि मोटरचे सगळ्यात जास्त नाहक बळी इथेच जातात. एक दिवा येतो म्हणजे बॅटरी, फ्यूज, बटण यांची चौकशी संपली. उरलं काय, तर त्या बाजूचा कनेक्टर, त्या बाजूची अर्थ, मोटर आणि तिची यांत्रिक जोडणी. याच क्रमाने जायचं.

कनेक्टर गाडीच्या अगदी तोंडाशी असतो. पावसाचं पाणी, रस्त्यावरचा चिखल, थंड देशांत बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, सगळं आधी त्याच्या अंगावर. तो सोडवून आत बघा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर तोच आजार असण्याची दाट शक्यता. पितळी टोकं घासून चकचकीत करा, ढिली झाली असतील तर बारीक हत्याराने किंचित आवळा.

आता मीटर. इथे एक फसगत होते, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. लोक कनेक्टर सोडवतात, मीटरची टोकं आत घालतात, बटण दाबायला लावतात, मीटर 12 व्होल्ट दाखवतो. "करंट तर येतोय, म्हणजे मोटरच गेली." चुकलं. मीटरला मोजायला करंट लागतो नावापुरता. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस कुजून एकच उरली असली तरी मीटर खुशाल 12 दाखवेल. मोटरला मात्र कित्येक अँपिअर हवे असतात, आणि ते त्या एका तारेतून जायला लागले की व्होल्ट तिथेच कोसळतात. म्हणून मोजमाप भार चालू असताना करायचं. कनेक्टर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने मीटरची सुई सरकवा, आणि मग बटण दाबा. किंवा गॅरेजवाल्यांचा जुना टेस्ट लॅम्प घ्या. हेडलाइटचाच जुना बल्ब दोन वायरी जोडून वापरला तर उत्तम, कारण तो स्वतः चार-पाच अँपिअर खातो. बल्ब लख्ख पेटला तर वाट मोकळी. मिणमिणला तर मध्ये कुठेतरी कुजलेलं आहे.

आणि निम्म्या वेळा ते कुजलेलं अर्थच्या बाजूला सापडतं. करंट मोटरपर्यंत येण्याची काळजी सगळे करतात, परत जाण्याची कोणी करत नाही. मोटरमधून निघालेला करंट एका काळ्या वायरने गाडीच्या पत्र्यावर जातो आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला. पत्र्यावरचा तो बोल्ट गंजला, किंवा अपघातानंतर रंगारी त्याच्यावरूनच रंग मारून गेला, की परतीची वाट बंद. तपासणी अशी: मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थच्या पिनेवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मोटरला करंट देत असताना आकडा वाचा. शून्याच्या जवळपास, फार तर 0.2 व्होल्ट दिसला तर ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट मोटरऐवजी त्या गंजात खर्च होत आहेत. बोल्ट काढा, खालचा पत्रा उघडा होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, परत आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. खर्च जवळजवळ काही नाही. माझ्या मते दिव्याच्या कोणत्याही तक्रारीत हे काम निदानाआधीच करून टाकावं. बिघाड दुसरीकडे निघाला तरी ते वाया जात नाही.

दिवा येतो पण रडतखडत, दुसऱ्यापेक्षा सेकंदभर उशिरा, ही तक्रारसुद्धा बहुतेक वेळा याच गटातली. जिथे नवी गाडी तीन सेकंदांचा नियम पाळत होती, तिथे आता ती रेंगाळते, कारण व्होल्ट कमी पोहोचतात किंवा बिजागऱ्यांतलं ग्रीस वाळून डिंक झालं आहे. इंजिन चालू केल्यावर वेग सुधारला तर बॅटरी अशक्त असू शकते. दिव्याच्या चौकटीचे सांधे हाताने हलवून बघा, वाळलेलं काढा, नवं ग्रीस भरा. फवाऱ्याचं पातळ तेल गंज सोडवायला चांगलं, पण तेवढ्यावर थांबलात तर ते उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं आणि महिन्याभरात दिवा पुन्हा कुरकुरतो.

एवढं सगळं चोख निघालं, भार असताना 12 व्होल्ट पोहोचत आहेत, अर्थ स्वच्छ आहे, आणि तरीही मोटर गप्प. आता तिच्यावर संशय घ्यायचा. बटण दाबून ठेवायला सांगा आणि मोटरच्या डब्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके टक टक करा. दचकून चालू झाली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे ठोकळे) झिजले आहेत किंवा अडकले आहेत. हे तात्पुरतं; ती पुन्हा रुसणार. पण ब्रश झिजलेली मोटर खोलून साफ करता येते, माप जुळवून ब्रश बदलता येतात. जुन्या बाजारात हाताने काम करणारा चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन हे सहज करतो.

मोटर फिरते, दिवा हलत नाही. किंवा थांबतच नाही

घर्र आवाज येतो पण झाकण जागचं हलत नाही, म्हणजे वीज निर्दोष आणि दोष यांत्रिक. एमएक्स-5 मध्ये आधी क्रँकचा नट आणि दांडीचे सांधे बघा. नट ढिला झाला की क्रँक दांड्यावर नुसता घसरतो. दुसऱ्या काही गाड्यांत हा रोग जन्मजात आहे. जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक फिएरो आणि त्याच काळातल्या भावंडांच्या मोटरमध्ये गिअरच्या पोटात धक्का सोसणारे प्लास्टिकचे छोटे ठोकळे असत. वर्षानुवर्षांच्या ग्रीसमध्ये त्यांचा चुरा होतो. डबा उघडला की ब्राउन भुशासारखं काहीतरी बाहेर पडतं. नवे ठोकळे मिळतात, मोटर तीच राहते. कॉर्व्हेट सी5 मध्ये प्लास्टिकचा गिअरच दात गाळतो, आणि त्याच्या जागी पितळेचा बसवणं हा आता तिथल्या मालकांचा ठरलेला उपाय झाला आहे.

उलट प्रकार जास्त मजेशीर दिसतो: दिवा वर येतो, खाली जातो, परत वर येतो, थांबायचं नावच नाही. बघणाऱ्यांना हसू येतं, मालकाला घाम फुटतो. इथे दोष त्या तांब्याच्या चकतीकडे जातो. पट्ट्याच्या तुटक जागेवर तांब्याचा चुरा आणि काळं ग्रीस साचून पूल तयार झाला, किंवा पाणी शिरलं, तर पान तिथे पोहोचूनही करंट तुटत नाही. मोटर काढायची, डबा उघडायचा, चकती पुसायची, पानं वाकलेली असतील तर हलक्या हाताने सरळ करायची. चकतीवर जाडजूड ग्रीस थापू नका. त्यानेच पुढचा पूल बांधला जातो. फेऱ्या चालू असताना दिवा थांबवता येत नसेल तर फ्यूज खेचा, पण दिवा वर असतानाच.

पाणी शिरतं कुठून, तर बहुतेक वेळा त्या रबरी टोपीतून, जिच्याबद्दल मघाशी बोललो. मोटरच्या डोक्यावर हाताने फिरवायचा नॉब असतो आणि त्याच्यावर ती टोपी. तीस वर्षांत ती तडकते, पडते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग प्रत्येक पावसात नॉबच्या दांड्यावरून थेंब थेंब गिअरच्या डब्यात. शंभर-दोनशे रुपयांत बसेल अशी टोपी नाही म्हणून आख्खी मोटर आतून गंजते. तुमच्या गाडीला दोन्ही बाजूंना त्या टोप्या आहेत का, हे आजच बोनेट उघडून बघा.

रस्त्यात अडलात तर

नॉब यासाठीच आहे, हत्याराशिवाय दिवा उघडता यावा ही कायद्याची अट इथे पूर्ण होते. दिव्याचं बटण बंद करा, मोटरचा फ्यूज काढा, टोपी उचला आणि नॉब दाखवलेल्या दिशेने फिरवत राहा. एक-दोन वेढ्यांत काही होणार नाही. वर्म गिअर असल्यामुळे बरेच वेढे द्यावे लागतात आणि झाकण मिलिमीटर-मिलिमीटरने वर सरकतं. पूर्ण वर आल्यावर थांबा. जास्त फिरवलंत तर ते त्याच दिशेने परत खाली जाऊ लागेल, क्रँकचा स्वभावच तसा. दुसऱ्याही दिव्याचं तसंच करा, फ्यूज बाहेरच ठेवा आणि दिवे पेटवा. पेटवणारं सर्किट वेगळं असल्यामुळे उजेड पडेल, दिवे वरच राहतील, आणि तुम्ही निवांत घरी पोहोचाल. गाडी थोडी ओबडधोबड दिसेल इतकंच.

नॉबच फिरत नसेल तर जोर करू नका. थंडीत झाकणाच्या कडेला बर्फ गोठलेला असतो आणि मोटर त्याच्याशी झुंजते. कोमट पाण्याने किंवा गरम हवेने बर्फ सोडवा, पट्टी घालून उचकटू नका. बर्फ नसेल तर झाकण कुठेतरी घासतं आहे. बोनेटचं किंवा बंपरचं काम झालेल्या गाडीत हे फार होतं. झाकणाच्या कडेचा रंग एका जागी उडालेला दिसला की तिथेच अडतंय असं समजा. दांडीची लांबी आणि बोनेटचे रबरी टेकू जुळवले की मोकळं होतं.

ज्या गाड्यांत हे लागू नाही

पोर्शच्या 924, 944 आणि 968 मध्ये दोन दिव्यांना मिळून एकच मोटर आहे, मध्ये आडवा दांडा. त्यामुळे "एक आला म्हणजे सामाईक वाट ठीक" हे निदान तिथे फार पुढे जातं: मोटरसुद्धा निर्दोष, दोष त्या बाजूच्या जोडणीत. दोन्ही मेले असतील तर मात्र तिथे मोटर संशयितांच्या यादीत येते.

1968 पासूनच्या कॉर्व्हेट सी3 आणि 1962 ची लोटस एलान यांत मोटर नाहीच. इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा आत घेणाऱ्या नळ्यांतल्या) व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, दिवे हलतात. तिथे मीटर घरी ठेवा आणि कान लावा. वाळलेल्या रबरी नळीतून येणारा सुस्कारा, फाटलेला पडदा, न धरणारा एकदिशा व्हॉल्व्ह, हे तिथले आजार. एलानमध्ये तर व्हॅक्यूम साठवायची टाकी म्हणून चासीचा पुढचा आडवा पोकळ भागच वापरला आहे. म्हणजे चासीला गंजाने भोक पडलं की दिवे उघडेनात! अशा वेळी बिचाऱ्या दिव्यांचे आभार मानायला हवेत. त्यांनी चासीचा गंज वेळेत सांगितला.

आणखी एका जातीचे बिघाड माणसाने केलेले असतात. एका वेळी एकच दिवा उघडून डोळा मारता यावा म्हणून लोक मोटरच्या वायरी कापून छोटं यंत्र बसवतात. आधीच्या मालकाने बसवलेलं आणि नंतरच्याने अर्धवट काढलेलं असं काही तुमच्या गाडीत आहे का, हे डॅशबोर्डखाली बघा. चिकटपट्टी गुंडाळलेला, मूळ वायरीच्या रंगाशी न जुळणारा जोड दिसला तर सगळ्यात आधी तिथून सुरुवात करा.

वर आला, पण पेटला नाही

सगळं जमलं, दिवा झोकात वर आला आणि अंधार. किंवा वर येताना लुकलुकून मग विझला. बल्ब बदलण्याआधी बल्बच्या मागून येणाऱ्या वायरी चाचपा. दर वेळी दिवा उघडताना-मिटताना त्या एकाच जागी दुमडतात. बाहेरचं प्लास्टिक चांगलं असतं आणि आतली तार तुटलेली. वायर दोन बोटांत धरून इंच-इंच पुढे जा. तुटलेल्या जागी ती मऊ, बिनकण्याची लागते. तो तुकडा कापून टाका, जास्त बारीक तारांची लवचिक वायर जोडा आणि थोडी ढील ठेवा. नवे एलईडी दिवे बसवलेल्या गाडीत मागचा भाग जाड असल्यामुळे वायर चेपली जात नाही ना, तेही बघा.

मोटर किंवा दांडी काढून परत बसवली असेल तर दिवा पूर्वीच्याच उंचीवर थांबेल याची खात्री नसते. दांडी एखाद्या आट्याने जरी कमी-जास्त झाली तरी झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो किंवा तुमच्याच बंपरसमोर पडतो. सपाट जागी, भिंतीपासून सुमारे 7.5 मीटरवर गाडी उभी करा, दोन्ही झोतांची उंची जुळवा आणि मगच डिपरवर रात्री बाहेर पडा.